मागणी नसलेला उपवास

तुरुंगात माणसं जोडीजोडीने मोजतात. संध्याकाळी बराकीला कुलूप घालण्याआधी वॉर्डर "जोडीऽऽ" अशी आरोळी देतो आणि सगळे कैदी दोनदोन करून ओळीत उकिडवे बसतात. उभ्या माणसाला मोजायचं नाही, कोपऱ्यात टेकलेल्याला मोजायचं नाही, असा नियम. पहिल्या दिवशी ज्याच्या शेजारी बसलो तोच पुढे आपला जोडीदार होतो. कोणी ठरवत नाही, पण होतो. माझ्या शेजारी अण्णा बसले होते.

हे त्रेचाळीसच्या पावसाळ्यातलं. मी सांगलीला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला आणि तुरुंगात जाणाराही मी पहिलाच. चळवळीची पत्रकं पिशवीत सापडली म्हणून मला शिक्षा झाली आणि साताऱ्याकडच्या एका तुरुंगात पाठवलं. तिथे गेल्या गेल्या वर्ग ठरवतात. शिकलेल्या, बऱ्या घरच्या कैद्याला ब वर्ग. म्हणजे खाट, दिवा, पुस्तकं, दूध. बाकी सगळ्यांना क वर्ग. कारकुनाने विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, "इंटर." त्याने मान वर केली. मग विचारलं, "वडील काय करतात?"

"माणात मेंढरं राखतात."

त्याने मान पुन्हा खाली घातली आणि क लिहिलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट खाट मिळाली असती तर झोप आली नसती. पट्ट्यापट्ट्यांची बंडी अंगात घातली आणि माझ्यासारख्याच माणसांच्या बराकीत जाऊन बसलो.

अण्णा सांगलीच्या बाजूचे जैन शेतकरी. पन्नाशीचे, अंगाने काटक, बोलायला सावकाश. भूमिगत पोरांना त्यांनी आपल्या मळ्यातल्या खोपीत जेवू घातलं, एवढाच त्यांचा गुन्हा. "कोण होती ती पोरं?" असं कोर्टात विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "भुकेली होती." त्यावर त्यांना शिक्षा झाली.

तुरुंगातलं संध्याकाळचं जेवण उन्हं असतानाच वाढतात, कारण अंधार पडायच्या आत कुलूप लागलं पाहिजे. पहिले काही दिवस आम्हा सगळ्यांना त्याचा फार त्रास झाला. मध्यरात्री भुकेने जाग यायची. अण्णांना मात्र काहीच वाटत नव्हतं. जैन माणूस दिवस मावळल्यावर जेवत नाही. ते मला म्हणाले, "सरकार आमच्याच धर्माचं दिसतंय रं. भाजीत कांदा तेवढा घालू नये म्हणून सांगाया पायजे."

कांदा ते वेचून माझ्या थाळीत टाकत. पाणी पिताना पंच्याची चौपदरी घडी चंबूच्या तोंडावर धरून गाळून घेत. बराकीत यावरून चेष्टा चाले. आमच्यात वाळव्याकडचा एक तालमीतला गडी होता, त्याला सगळे पैलवान म्हणत. तो म्हणायचा, "अण्णा, गाळून ऱ्हायलेला माल माझ्याकडं द्या. मला अंगाला लागंल." अण्णाही हसत.

श्रावण संपत आला तेव्हा त्यांची बायको मुलाकातीला आली. मुलाकात म्हणजे गजाच्या अलीकडे आपण, पलीकडे घरचं माणूस आणि मध्ये कान देऊन उभा असलेला वॉर्डर. अण्णा परत आले. जोडीला बसल्यावर पुढे बघतच मला म्हणाले, "आई दुधावर आली म्हणं."

मी विचारलं, "आजारी हाईत का?"

"आजारी न्हवं. सोडत चाललीया."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्यात फार म्हातारं झालेलं माणूस, आता देह पुरे असं वाटलं की, मुनीमहाराजांना विचारून एकेक अन्न सोडत जातं. आधी भाकरी सोडायची, मग भात, मग दूध, मग ताक. शेवटी नुसतं पाणी. त्यात घाई नसते, कोणावर राग नसतो. आईची भाकरी ते बाहेर असतानाच सुटली होती. "पाण्यावर आली की मग थोडं दिस," ते म्हणाले. "बायकोला म्हणालीया, पोराच्या हातचं पाणी घिऊन जाईन."

मी माणदेशातला. आमच्याकडे भाकरीसाठी माणसं मेंढरं विकतात, गाव सोडतात, मुंबईला जाऊन गोदीत ओझी उचलतात. असलेली भाकरी कोणी आपणहून बाजूला सारतं, हे माझ्या डोक्यात सहज शिरेना. पण अण्णांचं काय अडलं होतं ते मात्र लगेच कळलं. तुरुंगात वागणूक चांगली असेल आणि नेमलेलं काम पुरं होत असेल, तर दर महिन्याला शिक्षेतले काही दिवस माफ होतात. अण्णांची माफी साठत आली होती. तिच्या जोरावर ते दिवाळीच्या आत सुटणार होते. एखादा गुन्हा तिकिटावर चढला असता तर माफी कापली गेली असती आणि सुटका संक्रांतीपलीकडे. कैद्याचं तिकीट म्हणजे रेल्वेचं नव्हे. त्याची शिक्षा, माफी, गुन्हे सगळं ज्यावर लिहितात तो जाड कागद. आई संक्रांतीपर्यंत थांबणार नव्हती.

"ही बराकीत बोलू नगंस," अण्णा म्हणाले. "घरची गोष्ट हाय."

भाद्रपद लागला. जैनांचं दशलक्षण पर्व याच महिन्यात येतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं. अण्णा लहानपणापासून पर्वातले शेवटचे तीन दिवस फक्त पाण्यावर राहत. ते त्यांनी मुकादमाला आधीच सांगून ठेवलं. आमचा मुकादमही कैदीच होता. चांगल्या वागणुकीबद्दल त्याला डोक्यावर वेगळी टोपी आणि आमच्यावर देखरेखीचं काम मिळालं होतं. ऐकून त्याने कपाळावर हात मारला.

"आवं अण्णा, जेवला न्हाई की गुन्हा हाय हितं. आन्न नाकारलं असं लिवत्यात. माफी जाती, येकट्याला खोलीत टाकत्यात."

"मी नाकारत न्हाई. मी उपास करतोय."

"थाळीला कसं कळायचं ती?"

दुसऱ्या दिवशी अण्णांना जेलरच्या कचेरीत बोलावणं आलं. मुकादमाने मला त्यांच्यामागे ढकललं. म्हणाला, "कॉलेजवाला, तू जा. काय तर विंग्रजी आलं तर बघ." इंग्रजी काही आलं नाही. जेलर आपल्याच भाषेत बोलणारे, वयस्कर आणि शांत गृहस्थ होते. समोर नियमांचं पुस्तक उघडं होतं, पण त्यांना ते पाठ असावं, कारण त्यात त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"तुझी मागणी काय आहे?"

"न्हाई साहेब," अण्णा म्हणाले.

"भाकरीत खडे येतात?"

"येत्यात. पण त्येची मागणी न्हाई."

"काम जास्त होतं? काथ्या वळायला दिलाय ना?"

"काम हाय. जास्त न्हाई. उपास आसला तरी काथ्या पुरा करून दीन."

"कुणी मारलं? शिवी दिली?"

अण्णांनी विचार केला. "शिव्या देत्यात. पण समद्यांस्नीच देत्यात."

जेलरांनी चष्मा काढला. "अरे, मग उपाशी का राहतोस? मला वर काही तरी कळवावं लागतं. मुसलमान कैद्यांचे रोजे नियमात आहेत, एकादशी-शिवरात्र आहे. तुझं हे त्यात नाही. जो नियमात नाही तो संप. आणि संपाला मागणी लागते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शिकलेला आहेस. सांग याला समजावून."

मोठ्या माणसासमोर बोलायची मला सवय नव्हती. कॉलेजातही मी मागच्या बाकावर बसत असे. पण त्या क्षणी जे मनात आलं ते सरळ बोललो. "साहेब, संप करणारा माणूस समोरच्याकडून काही तरी मागतो. हे कोणाकडूनच काही मागत नाहीत. चतुर्दशी झाली की सकाळी जेवतील. आपणच बघा."

"ते मला कळतं रे," जेलर म्हणाले. "वरच्यांना कळायला हवं." ते थोडा वेळ बोटांनी टेबल वाजवत राहिले. मग म्हणाले, "असं करू. हा एकटा उपाशी राहिला, काम पुरं केलं आणि ठरल्या दिवशी जेवला, तर मी धार्मिक उपवास लिहीन. पाणी दवाखान्यातून उकळून देववतो. पण बराकीत दुसऱ्या एकाने जरी थाळी परतवली, तरी तो संप झाला आणि हा त्याचा पुढारी. मग मला काही करता येणार नाही. कळलं?"

अण्णांनी हात जोडले. मला वाटलं, जिंकलो.

मी बराकीत येऊन जेलरांची अट सगळ्यांना सांगितली. तिथेच घोटाळा झाला. आमच्या बराकीतली बहुतेक पोरं सरकारचा हुकूम मोडून आत आलेली. सरकारी अट म्हटली की ती मोडायची, एवढंच त्यांना ठाऊक.

पैलवान उठून उभा राहिला. "म्हंजे एक म्हातारा माणूस आमच्यात उपाशी बसणार आन आमी त्येच्या म्होरं भाकरी चेपायची? आमच्या गावात पंगतीत एकाच्या पानात वाढायचं ऱ्हायलं तरी बाकीची घासाला हात लावत न्हाईत. सायबानं सांगितलं म्हणून रीत सोडू व्हय?"

"बराबर हाय," कोणी तरी म्हणालं.

"आन उपासच करायचा तर मागणी बी घालू. पिठातलं खडं काढा म्हणावं."

"मुलाकात म्हयन्यातनं दोनदा."

"बिड्या!" कोपऱ्यातून एक आवाज आला आणि सगळे हसले.

मी सांगत राहिलो, अरे, त्यांची मागणी नाही, तुम्ही उपाशी राहिलात तर त्यांनाच त्रास होईल. पैलवानाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गड्या, तू लय पुस्तकं वाचलीस. भिऊ नगंस." त्याच्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

अण्णांनीही समजावलं. उपवासाच्या पहिल्या दोन दिवसांत काथ्या वळत असताना ते ज्याला त्याला म्हणत, "बाळांनो, तुमी जेवा. माझ्यासाठी कुणी उपाशी ऱ्हाऊ नका." याचा परिणाम भलताच झाला. पोरं एकमेकांना म्हणू लागली, बघा केवढं मन! सोता उपाशी आन आपली काळजी. ते दोन दिवस पोरं जेवली, पण त्यांचा बेत चतुर्दशीचाच होता. शेवटच्या दिवशी सगळ्या बराकीने एकदम थाळ्या परत करायच्या.

चतुर्दशीला अण्णा उजाडल्यापासून मौनात होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोलणार नव्हते. भिंतीला पाठ न लावता बसले, काथ्या वळत. दोर सरळ येत होता. आता त्यांच्या वतीने बोलायला कोणी नव्हतं. मी होतो, पण आईची गोष्ट बोलू नको असं त्यांनी मला सांगितलं होतं. सकाळभर मी हाच विचार करत होतो. घरची गोष्ट घरात राहावी म्हणून त्यांनी मला गप्प केलं होतं. पण मी गप्प बसलो तर त्यांना घरच मिळणार नव्हतं. एकदा हे असं मनात उमटल्यावर बाकीचं सोपं झालं.

जेवणाची घंटा झाली. अंगणात ओळीत बसलो. पुढ्यात ज्वारीची भाकरी आणि पातळ डाळ आली. कोणी हात लावला नाही. मुकादम ओळीतून फिरत हलक्या आवाजात म्हणत होता, "खावा रं बाबांनो, खावा." फाटकापाशी वॉर्डर उभा होता, तो वळून जेलरांना बोलवायला निघणार, हे दिसत होतं.

मी भाकरी मोडली. डाळीत बुडवली आणि तोंडात घातली.

ओळीतल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नुसता माझ्या चावण्याचा आवाज. भाकरी वाळलेली होती. मी दुसरा घास मोडला.

"थू!" पैलवान म्हणाला. "माणदेशी ती माणदेशी. भाकरी दिसली की धीर सुटला."

"दुष्काळातलं हाय त्ये. त्येला कशाला बेतात घेतलंत?" दुसरा म्हणाला.

मला राग आला आणि रागाने माझी जीभ मोकळी झाली. मी गावाकडच्या बोलीतच बोललो, कारण दुसरी सुचलीच नाही. "व्हय, माणदेशी हाय. आमच्याकडं उपास कुणी धरत न्हाई, उपासच आमाला धरतोय. भूक काय आसती ती मला शिकवू नका. तुमच्या संपानं पिठातलं खडं जातील का न्हाई मला ठावं न्हाई. पर ह्या अण्णांची माफी जाणार, ही नक्की. आन त्यांची आई घरात दुधावर आलीया. अन्न सोडत चाललीया. ती लेकाच्या हातचं पाणी घिऊन जायाची वाट बघतीया. दिवाळीच्या आत अण्णा गेलं तर गाठ पडंल. तुमाला अण्णांचा मान राखायचाय न्हवं? मग खावा. आज खाणं हाच मान हाय."

एवढं बोलून मी अण्णांकडे पाहिलं. ते बराकीच्या दारात बसले होते. वाटलं, रागावले असतील. ते बोलू शकत नव्हते. त्यांनी काथ्या खाली ठेवला, भिंतीला धरून उठले, हळूहळू चालत पैलवानासमोर आले आणि उकिडवे बसले. त्याची थाळी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या छातीजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली. डाळ काठावरून सांडत होती.

पैलवान त्यांच्याकडे बघत राहिला. "आई?" त्याने विचारलं.

अण्णांनी मान हलवली.

"आन ह्ये आदी सांगाया काय झालं हुतं?" तो माझ्यावर ओरडला. मग थाळी घेतली, भाकरी चुरली आणि खाली मान घालून खाऊ लागला. ओळीतले बाकीचे हात आपोआप थाळीत गेले. जेलर फाटकातून आत आले तेव्हा आम्ही सगळे खालमानेने जेवत होतो आणि पैलवान मुकादमाला विचारत होता, "आनखी एक भाकरी मिळंल का? खायाचंच हाय तर पोटभर खातो." नियमाप्रमाणे जास्तीची भाकरी मिळत नसे. मुकादमाने जेलरांकडे पाहिलं, जेलरांनी आभाळाकडे पाहिलं. भाकरी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी कांजी पिऊन पारणं केलं. मौन सुटल्यावर पहिला शब्द मलाच मिळाला. "बोललास," ते म्हणाले. मी म्हटलं, "बोललो." जेलरांनी तिकिटावर धार्मिक उपवास असं लिहून खाली सही केली आणि काथ्या पुरा असल्याचीही नोंद केली. माफी शाबूत राहिली.

दिवाळीच्या आठवडाभर आधी अण्णा सुटले. फाटकापाशी त्यांना त्यांचे स्वतःचे कपडे परत मिळाले. ते अंगावर सैल झाले होते. पटका बांधताना त्यांना आरसा नव्हता, म्हणून माझ्याकडे वळून विचारलं, "बरा बसलाय का?" मी सांगितलं, बरा बसलाय. संध्याकाळी जोडीला माझ्या शेजारी एक नवा मुलगा येऊन बसला.

थंडी पडल्यावर त्यांच्याच गावचा एक माणूस चळवळीत पकडला जाऊन आमच्या बराकीत आला. सगळ्यांनी त्याला गराडा घातला. त्याने सांगितलं, अण्णा घरी पोचले तेव्हा म्हातारी ताकही सोडून पाण्यावर आली होती, पण शुद्धीत होती. लेकाला बघून तिने पहिल्यांदा त्याचा दंड चाचपला आणि रागावली. "एवढा वाळलास कसा रं? तुरुंगात जेवाया घालत न्हाईत व्हय?" अण्णा म्हणाले, "घालत्यात. मीच चतुर्दशीचं धरलं हुतं." तेव्हा ती हसली म्हणे. त्यानंतर काही दिवस तिने फक्त त्यांच्याच हातून, चमच्याने, गाळलेलं पाणी घेतलं. मग तेही थांबलं.

पैलवानाने नाक पुसलं.

"गाठ पडली न्हवं?" त्याने त्या माणसाला विचारलं.

"पडली."

"मग झालं," पैलवान म्हणाला आणि काथ्याची पेंडी पुढ्यात ओढून कामाला लागला.